तीन प्रती, एकच होस्ट: ओपनस्टॅकच्या शेड्यूलरबद्दल आमची तक्रार

आजच्या विषयानं आमची एक अख्खी रात्र खाल्लीय. एका डेटाबेसच्या तीन प्रती आम्ही तीन व्हर्च्युअल मशीनवर ठेवल्या होत्या. एक गेली तरी दोन आहेतच, असा हिशेब. प्रायव्हेट क्लाउडमधला एक होस्ट बंद पडला आणि तिन्ही गेल्या. तिन्ही त्याच होस्टवर होत्या. आम्ही ते कधी पाहिलंच नव्हतं!

हे झालं कसं? ओपनस्टॅकमध्ये मशीन कुठे ठेवायचं ते नोव्हाचा शेड्यूलर ठरवतो. आधी फिल्टर लावून न चालणारे होस्ट गाळायचे, मग उरलेल्यांना गुण द्यायचे. रॅमचे गुण मुळात असे की जिथे मोकळी रॅम जास्त, तिथे पसंती जास्त. उद्देश भार पसरवण्याचा. पण क्लाउडमध्ये नवा, रिकामा होस्ट जोडला की काय होतं? मोकळी रॅम सगळ्यात जास्त त्याच्याकडेच, म्हणून पुढची मशीनं एकामागून एक तिकडेच जातात. आमच्या तिन्ही तशाच गेल्या. शेड्यूलर चुकला असं म्हणता येत नाही, कारण ही भावंडं आहेत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सांगायची सोय आहे. सर्व्हर ग्रुप बनवायचा, त्याला अँटी-अफिनिटी धोरण द्यायचं. मात्र आमची तक्रार इथेच सुरू होते. ग्रुपचं नाव मशीन जन्माला घालतानाच द्यावं लागतं. आधीपासून चालू असलेलं मशीन नंतर ग्रुपमध्ये घालायचं म्हटलं तर आम्हाला ते पाडून नव्यानं उभं करावं लागलं. चालू डेटाबेसच्या बाबतीत हे सांगायला सोपं, करायला नाही.

शिवाय धोरण कडक ठेवलं आणि पुरेसे होस्ट नसले, तर मशीन उभंच राहत नाही. म्हणून २०१६ च्या मिटाका आवृत्तीत सॉफ्ट अँटी-अफिनिटी आली: जमलं तर वेगळं ठेव, नाहीतर चालेल तसं. आणि नाही जमलं, तर मशीन मागणाऱ्याला कोणी कळवत नाही. आम्हाला हे कडक नकारापेक्षा वाईट वाटतं. नकार निदान दिसतो तरी.

अॅडमिननं झोनच्या नावापुढे होस्टचं नाव जोडून मशीन उभं केलं, तर फिल्टर वगळलेच जातात, हेही जाता जाता सांगतो. आणि दोन वेगळे होस्ट एकाच रॅकच्या एकाच स्विचवर असतील, तर अँटी-अफिनिटी त्याबद्दल गप्पच.

व्हीएमवेअरचं डीआरएस २००६ पासून चालू मशीनंही हलवतं. नोव्हा एकदा जागा दिली की स्वतःहून पुन्हा बघत नाही. त्यासाठी वॉचर हा वेगळा प्रकल्प बसवावा लागतो.

आमच्यासारख्या वापरणाऱ्यांना होस्टचं नाव दिसत नाही. पण प्रत्येक मशीनच्या माहितीत होस्टआयडी असतो, प्रोजेक्ट आणि होस्ट मिळून केलेला हॅश. दोन मशीनांचे होस्टआयडी सारखे निघाले, की ती एकाच होस्टवर आहेत. आता आमची एक छोटी स्क्रिप्ट रोज पहाटे तेवढंच तपासते.