उत्पादनाचा आलेख आणि ‘अधांतर’

भारत आणि चीन यांच्या औद्योगिक उत्पादनाची तुलना आपल्या महाविद्यालयांतील अर्थशास्त्राच्या वर्गांत नेहमी केली जाते. चीनच्या १९७८ नंतरच्या आणि भारताच्या १९९१ नंतरच्या वाटचालीचे आलेख शेजारी मांडले जातात. साहित्याच्या अध्यापकाचा त्याच्याशी काय संबंध? जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक या प्रश्नाला उत्तर देते. मात्र ते उत्तर अर्धेच आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम आकड्यांविषयी. भारताचा औद्योगिक उत्पादन निर्देशांक आधारवर्षाच्या तुलनेत प्रामुख्याने मालाचे परिमाण मोजतो व मुख्यतः नोंदणीकृत कारखान्यांवर आधारलेला असतो. चीनचा मासिक आकडा मूल्यवर्धनातील वाढ दाखवतो. २०११ पासून त्यात वार्षिक २ कोटी युआन वा अधिक उत्पन्नाचेच उद्योग धरले जातात. दोन निराळ्या मापांनी मोजलेल्या गोष्टी आपण एकाच आलेखावर ठेवतो. शिवाय एकूण बेरीज वाढत असताना तिच्यातून कोण गळाले, हे आलेख सांगत नाही.

ते ‘अधांतर’ सांगते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपानंतरच्या गिरणगावातील धुरी कुटुंबाची चाळीतली खोली हे नाटकाचे विश्व आहे. आई, मुलगी मंजू आणि तीन मुलगे यांच्या रोजच्या भांडणांतून, नरूच्या गुन्हेगारीकडे वळण्यातून एका उद्योगाचा अंत प्रेक्षकांपुढे येतो. चीनमध्ये वांग बिंग यांनी १९९९ ते २००१ या काळात शेनयांगच्या तिएशी भागात नऊ तासांहून दीर्घ माहितीपट चित्रित केला. तेथेही बंद पडणारे सरकारी कारखाने व रिकाम्या होणाऱ्या कामगार वस्त्या आहेत. त्याच सुमारास चीनचे एकूण उत्पादन मात्र वेगाने वाढत होते.

तरीही ‘अधांतर’ची एक मर्यादा नोंदवावी लागते. मुंबईच्या गिरण्या थंडावल्या, पण देशातले कापड थांबले नाही. संपापूर्वीच यंत्रमागाकडे वळू लागलेले उत्पादन संपकाळात अधिक वेगाने भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे गेले. भिवंडी-मालेगावच्या मागांवर मोठ्या संख्येने मोमीन-अन्सारी विणकर होते. गिरणी कामगाराला लढून मिळालेले संरक्षण त्यांतील बहुतेकांना कधीच लाभले नाही. चाळीच्या खोलीतून हा माणूस दिसत नाही, आणि नोंदणीकृत कारखान्यांच्या आकड्यांतही तो पुरता येत नाही. नाटकाच्या कलात्मक एकाग्रतेची ही किंमत आहे. तो दोष म्हणता येणार नाही. परंतु ‘अधांतर’लाच कापड उद्योगाची संपूर्ण कहाणी मानणारी समीक्षा मात्र सदोष ठरते. गिरणगाव मराठीच्या अभ्यासक्रमात आणि मालेगाव उर्दूच्या, ही वाटणीही याच दोषाला बळ देते.

१८६० च्या दशकात धारवाडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांत जात होता. आपल्या विद्यार्थ्यांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. मराठी, उर्दू आणि अर्थशास्त्र या तिन्ही विभागांच्या अध्यापकांनी एक तास एकत्र घेऊन आलेख व नाटक समोरासमोर ठेवावे. आलेखाला ‘यात कोण नाही?’ असे विचारायचे, आणि नाटकालाही तोच प्रश्न विचारायचा.