केडल्स्टन हॉल आणि त्याची कलकत्त्यातील प्रतिकृती

इंग्लंडातील डर्बीशायर परगण्यात केडल्स्टन हॉल नावाचा जो प्रासाद आहे, त्याची ओळख सामान्यतः दोन नावांनी करून दिली जाते : वास्तुविशारद रॉबर्ट ॲडम आणि कर्झन घराणे. नोकरीनिमित्त कलकत्त्यास राहिलेल्या वाचकांस मात्र तो न पाहताही परिचित वाटावा. कारण तेथील राज्यपालांचे निवासस्थान त्याच्याच आराखड्यावरून उभारलेले आहे. केडल्स्टनच्या वर्णनात ही गोष्ट बहुधा ओझरती येते. ती मुख्य विवेचनात यावयास हवी, असे आमचे मत आहे.

नॅथॅनियल कर्झन यांना 1758 साली वारसा मिळाला. त्यांनी वडिलार्जित घर पाडले. नव्या प्रासादाभोवती विस्तीर्ण उपवन हवे म्हणून शेजारचे गावच उचलून दूर वसविले. जुन्या गावाचे चर्च तेवढे घराला लगटून आजही उभे आहे. बांधकाम प्रथम ब्रेटिंगहॅम, मग पेन व अखेर ॲडम अशा तीन हातांतून गेले, आणि तो जोड दिसतो. उत्तरेचा दर्शनी भाग भारदस्त खरा, पण ठोकळेबाज. दक्षिणेस ॲडमने रोमच्या कॉन्स्टन्टाइन-कमानीचा आकार घेऊन भिंतीला जी गती दिली आहे, तिला तोड नाही. आतील संगमरवरी दालनात अलाबास्टर दगडाचे वीस स्तंभ असून प्रकाश केवळ छतातून उतरतो. हे दालन राहण्यासाठी नव्हेच. आलेल्याने पाहावे आणि दबून जावे, एवढ्यासाठी ते आहे. कुटुंबाचा संसार बाजूच्या एका उपगृहात चाले, दुसऱ्यात मुदपाकखाना होता.

मूळ कल्पनेत मध्यवर्ती वास्तूला वळणदार मार्गिकांनी जोडलेली अशी चार उपगृहे होती. बांधली गेली दोनच. चारही बांधली गेली ती कलकत्त्यास! गव्हर्नर-जनरल वेलस्ली यांनी चार्ल्स वायट यांच्याकडून 1799 ते 1803 या काळात ते भवन उठविले. खर्चामुळे कंपनीचे संचालक संतापले. याच 1803 साली असई व लासवारी येथे मराठी फौजा पराभूत झाल्या, हे आपण विसरू नये. दरारा बसविण्याचे ते दुसरे साधन होते. तरीही वास्तू म्हणून पाहता आम्हांस प्रतिकृतीच अधिक सयुक्तिक वाटते. चार अंगे मोकळी पसरल्याने बंगालच्या उष्म्यात वाऱ्याला वाट मिळते. डर्बीशायरच्या थंडीत असल्या पसरटपणाला शोभेपलीकडे कारण नव्हते.

पुढे 1899 मध्ये जॉर्ज कर्झन व्हाइसरॉय होऊन याच भवनात आले. ज्या घरी जन्म झाला त्याचीच प्रत सरकारी निवास म्हणून मिळावी, असा योग विरळाच. (आपणांपैकी बहुतेकांस बदलीनंतर निराळ्याच तऱ्हेचे घर वाट्यास येते!) त्यांनी 1904 साली प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा केला, हे श्रेय वंगभंगाच्या रोषापायी नाकारणे अन्यायाचे होईल. इंग्लंडातही टॅटरशॉलचा किल्ला त्यांनी 1911 मध्ये विकत घेऊन वाचविला.

केडल्स्टन 1987 पासून नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे. 2020 मध्ये या संस्थेने आपल्या वास्तूंचे वसाहतींशी असलेले संबंध सांगणारा अहवाल काढला, त्यात हे घरही आले. तेव्हा पूर्वजांची निंदा चालली आहे, अशी ओरड तिकडे झाली. आम्हांस ती पटत नाही. खुद्द कर्झन यांनीच पूर्वेकडून जमविलेल्या वस्तूंचे संग्रहालय या घराच्या तळमजल्यावर आहे. घरातच मांडलेल्या गोष्टीचा उल्लेख केल्याने घराची बदनामी कशी होते?

लेडी कर्झन यांनी 1903 च्या दरबारप्रसंगी लाल किल्ल्यातील नृत्यसमारंभात घातलेला मयूरपोशाख याच घरी जतन केलेला आहे. तो शिवला गेला पॅरिसच्या वर्थ यांच्याकडे. पण मोरपिसांची ती सारी जर आणि पिसांच्या डोळ्यांत जडविलेली भुंगेऱ्यांची हिरवी पंखकवचे ही दिल्लीच्या कारागिरांची करणी आहे.