चित्रचौकटींची एकवाक्यता

मोबाइलवरील अ‍ॅपांच्या साहाय्याने छायाचित्रे एकापुढे एक मांडून चलच्चित्र तयार करण्याची पद्धत आता सर्वपरिचित झाली आहे. विवाहसमारंभापासून विद्यापीठीय क्षेत्रकार्याच्या अहवालापर्यंत तिचा संचार आहे. तिच्यासंबंधी बोलताना ‘चित्रांची भाषा’ हा शब्दप्रयोग वारंवार केला जातो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने तो तपासून पाहावयास हवा. कारण अशी चलच्चित्रे आता आपल्यापुढे भाषिक पुरावा म्हणूनही येऊ लागली आहेत. चित्रे जवळजवळ ठेवली म्हणजे त्यांतून विधान सिद्ध होते काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. पहिल्या प्रकारात एखादी वस्तू किंचित किंचित हलवून तिची एकामागून एक छायाचित्रे घेतात व ती वेगाने दाखवितात. ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’ हे अ‍ॅप यासाठीच आहे. सेकंदाला १२ चौकटी धरल्या तर एका मिनिटास ७२० छायाचित्रे लागतात. दुसऱ्या प्रकारात निरनिराळ्या वेळी घेतलेली छायाचित्रे ‘इनशॉट’ किंवा ‘काइनमास्टर’ यांसारख्या अ‍ॅपात ओळीने लावून प्रत्येक चित्र काही सेकंद दाखवितात. प्रत्येकी तीन सेकंद दिले तर एका मिनिटास वीस चित्रे पुरतात. दोहोंसही ‘व्हिडिओ’ हे एकच नाव असल्यामुळे त्यांतील भेद नजरेआड होतो.

पहिल्या प्रकारातील चौकटीला वर्णाची उपमा देता येईल. पूर्वीच्या वर्णांचे संस्कार घेऊन येणारा अंत्य वर्ण अर्थबोध घडवितो, अशी शबरस्वामींची उपपत्ती आहे. भर्तृहरीने त्याही पुढे जाऊन वाक्यच अखंड मानले. प्रेक्षकाचा अनुभव याच्याशी बराच जुळतो. त्याला चौकटी दिसत नाहीत, हालचाल दिसते. स्थिर उद्दीपकांच्या क्रमातून गतीचा प्रत्यय कसा येतो, याविषयीचे माक्स वेर्टहायमर यांचे प्रयोग १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी दादासाहेब फाळके यांनी लंडनहून आणलेल्या कॅमेऱ्याने वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपली आणि अनेक दिवसांची ती क्रिया पडद्यावर अल्पावधीत दाखविली. परंतु उपमा येथेच थांबते. वर्ण मोजके असतात व स्वतः निरर्थक असतात. चौकटी अगणित असतात आणि प्रत्येकीत काही ना काही अर्थ असतोच. आंद्रे मार्तिने यांनी मानवी भाषेचे लक्षण म्हणून सांगितलेली दुहेरी घडण चित्रांत आढळत नाही. म्हणूनच ख्रिस्तियां मेत्झ यांनी १९६४ मध्ये असे प्रतिपादन केले, की चित्रपटातील दृश्याची तुलना शब्दाशी नव्हे, तर निदान वाक्याशी करावयास हवी.

हे मान्य केले तर दुसऱ्या प्रकारातील प्रत्येक छायाचित्र हे एक वाक्य ठरते, आणि खरा प्रश्न वाक्यावाक्यांच्या संबंधाचा उरतो. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वाक्यसमूहाला महावाक्य म्हटले आहे, आणि योग्यता, आकांक्षा व आसत्ती या वाक्याच्या तिन्ही अटी त्यालाही लावल्या आहेत. यांपैकी आसत्ती, म्हणजे सान्निध्य, अ‍ॅप आपणहून पुरविते. उरलेल्या दोन अटी मात्र करणाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असतात. आणि नेमका हा निर्णय घेण्याची गरजच भासू नये, अशी अ‍ॅपाची योजना असते.

एक उदाहरण देतो. माझ्या एका विद्यार्थिनीने कुंभारकामातील शब्दसंग्रहाच्या प्रकल्पासोबत असे एक चलच्चित्र सादर केले होते. चोवीस छायाचित्रे, प्रत्येकास तीन सेकंद, मागे बासरी, आणि प्रत्येक चित्र पुढच्या चित्रात विरघळत जाणारे. चाकावर मडके घडणे ही काही मिनिटांची क्रिया, ते वाळणे ही काही दिवसांची. दोहोंस अवधी सारखाच. तिने ते ज्यांच्याकडून शब्द घेतले त्या वृद्ध कारागिरास दाखविले, तेव्हा ते म्हणाले, “बाई, आवा इतक्या लवकर उघडलात तर सगळी मडकी तडकतील.” या एका वाक्यात त्या चलच्चित्राची संपूर्ण समीक्षा आली आहे, असे मला वाटते.

कारागिराचा आक्षेप व्याकरणाच्या परिभाषेत मांडता येतो. ‘मडके वाळते आहे’ आणि ‘मडके वाळले’ यांतील भेद काळाचा नव्हे, क्रियाव्याप्तीचा आहे. स्थिर छायाचित्र हा भेद स्वतः सांगू शकत नाही. तो अवधीने, क्रमाने व सांध्याने सुचवावा लागतो. सर्व चित्रांस समान अवधी दिला की ही सूचना नाहीशी होते. सांध्याचेही तसेच आहे. एका दृश्यातून दुसरे हळूहळू उमटणे ही चित्रपटाच्या रूढीत बहुधा काळ लोटल्याची खूण असे. येथे ती शोभेची वस्तू झाली आहे. प्रत्येक वाक्यानंतर ‘त्यानंतर बऱ्याच दिवसांनी’ असे लिहिणाऱ्या लेखकास आपण काय म्हणू?

योग्यतेचा प्रश्न याहून गंभीर आहे. काही साधने दोन चौकटींच्या मधल्या चौकटी आपणच रचून देतात, त्यामुळे हालचाल गुळगुळीत होते. सेकंदाला १२ चौकटी घेतल्या तर दोन चौकटींत सुमारे ८३ मिलिसेकंदांचे अंतर पडते. ‘प’ किंवा ‘ब’ उच्चारताना ओठ मिटलेले राहण्याचा काळ याहूनही कमी असू शकतो. तो त्या अंतरात हरवला, आणि साधनाने उघड्या ओठांच्या दोन चौकटींमध्ये तिसरी रचली, तर न मिटलेल्या ओठांचा ‘प’ आपल्या संग्रहात पुरावा म्हणून जमा होईल. सांकेतिक भाषांच्या नोंदींतही हाच धोका आहे.

याचा अर्थ साधनच सदोष आहे, असा नव्हे. क्रिस मार्केर यांचा ‘ला जते’ (१९६२) हा सुमारे अठ्ठावीस मिनिटांचा चित्रपट जवळजवळ सर्वस्वी स्थिर छायाचित्रांचा आहे. चित्रांचे अवधी कमीअधिक ठेवल्यानेच त्यात कथेची ओढ निर्माण होते. अ‍ॅपांतही प्रत्येक चित्राचा अवधी बदलता येतो. स्टॉप मोशनच्या अ‍ॅपात नवीन छायाचित्र घेताना मागील चौकट पुसट दिसत राहते. ही सोय तर आकांक्षेचे शिक्षणच म्हणावयास हवे, कारण पुढचे चित्र मागच्याकडे पाहूनच घ्यावे लागते. दोष आहे तो यंत्राने आधीच ठरवून ठेवलेला पर्याय आपला निर्णय म्हणून सादर करण्यात.

तेव्हा विभागात सादर होणाऱ्या अशा प्रत्येक चलच्चित्रासोबत तीन गोष्टी लिहून द्याव्यात, अशी माझी सूचना आहे : छायाचित्रे प्रत्यक्षात किती अंतराने घेतली, ती पडद्यावर किती अवधी दाखविली व का, आणि एखादी चौकट यंत्राने रचलेली आहे काय. उपर्युक्त विद्यार्थिनीने आपले चलच्चित्र याप्रमाणे पुन्हा रचले. विरघळणारे सांधे तिने फक्त वाळवणीच्या व आव्याच्या जागी ठेवले, बासरी काढून टाकली, आणि प्रत्येक टप्प्यावर कारागिराच्या तोंडचे क्रियापद ऐकविले. चित्रे तीच चोवीस होती. परंतु आता त्यांवरून त्या क्रियापदांचा अर्थ पडताळून पाहता येत होता.