बर्फाचा माणूस आणि मातीचा गणपती : एका नाताळकथेचे पुनर्दर्शन

बालपणी प्रिय असलेली कलाकृती प्रौढपणी पुन्हा पाहताना समीक्षकापुढे एक अडचण उभी राहते. स्मृतीतील माधुर्य कोणते आणि कृतीचा स्वतःचा गुण कोणता, हे त्याला वेगळे करता आले पाहिजे. ‘द स्नोमॅन’ या इंग्रजी अ‍ॅनिमेशनपटाच्या बाबतीत ही निवड विशेष अगत्याची आहे. कारण नाताळच्या गोड कथांत त्याची गणना होत आली असली, तरी वस्तुतः तो एका निरोपाचा चित्रपट आहे. हा निरोप कोणत्या जातीचा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात पेण आणि रोहे येथील गणेशोत्सवाच्या संदर्भात करावयाचा आहे. हा संदर्भ प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. तो का घेतला, हे पुढे स्पष्ट होईल.

चित्रपटाचे मूळ रेमंड ब्रिग्ज यांच्या १९७८ सालच्या चित्रपुस्तकात आहे. त्या पुस्तकात शब्द नाहीत; रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या चौकटींतूनच कथा पुढे जाते. डायान जॅक्सन यांनी दिग्दर्शित केलेला सुमारे सव्वीस मिनिटांचा चित्रपट २६ डिसेंबर १९८२ रोजी ब्रिटनमधील चॅनल फोर या वाहिनीवर प्रथम दाखविण्यात आला. त्यातही संवाद नाहीत. हॉवर्ड ब्लेक यांचे संगीत आणि एक गीत यांवर सारा भार आहे. कथानक अगदी साधे आहे. एक मुलगा अंगणात बर्फाचा माणूस करतो. त्याला टोपी, गळपट्टा, कोळशाचे डोळे आणि संत्र्याचे नाक देतो. मध्यरात्री तो माणूस सजीव होतो. मुलगा त्याला आपले घर दाखवितो, आणि मग तो मुलाचा हात धरून आकाशात झेपावतो. सकाळी मुलगा बाहेर धावतो, तेव्हा अंगणात टोपी, गळपट्टा आणि वितळलेल्या बर्फाचा लहानसा ढीग एवढेच उरलेले असते.

मूळ पुस्तकात नाताळ नाही, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सजविलेले झाड, उत्तर ध्रुवाची यात्रा आणि नाताळबाबाची भेट ही चित्रपटकर्त्यांनी घातलेली भर होय. तेव्हा सण हा या कथेचा गाभा नसून तिचा पोशाख आहे. गाभा शोधावयाचा तर तो असा सांगता येईल : मुलाने स्वतःच्या हातांनी एक आकृती घडविली, ती अल्पकाळ सजीव झाली, आणि ज्या द्रव्यातून ती घडली होती त्याच द्रव्यात ती परत गेली.

कथेचा गाभा या शब्दांत मांडला की पेणच्या वाचकाला ती परकी राहत नाही. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे यांसारख्या आसपासच्या गावांत गणपतीचे कारखाने जवळजवळ वर्षभर चालू असतात. तेथील मुलाने देवाला प्रथम पाहिलेले असते ते कच्च्या मूर्तीच्या रूपात. रांगेत वाळत ठेवलेली, रंग नसलेली, डोळे न आखलेली माती म्हणून. पुढे रंग चढतो आणि डोळ्यांची आखणी होते. घरी पाटावर बसवून प्राणप्रतिष्ठा झाली, की कालची माती आज घरचा पाहुणा होते. दीड, पाच किंवा दहा दिवसांनी तोच पाहुणा पेणेस भोगावतीत आणि रोह्यास कुंडलिकेत विसर्जित होतो. घडविणे, सजीव करणे, सोबत करणे आणि विरघळू देणे हा क्रम इंग्लंडमधील त्या अंगणात आणि रायगडातील या नदीकाठी एकच आहे.

साम्य इथवरच आहे. समीक्षेला अधिक उपयोगी पडतो तो भेद. भरताने नाट्यशास्त्रात करुण आणि विप्रलंभ यांतील सीमारेषा आखताना करुणाला निरपेक्ष आणि विप्रलंभाला सापेक्ष म्हटले आहे. जेथे पुनर्भेटीची अपेक्षाच उरत नाही तेथे करुण. जेथे वियोगातही ती अपेक्षा टिकून राहते तेथे विप्रलंभ. विप्रलंभ हा शृंगाराचा प्रकार असल्यामुळे ती संज्ञा येथे जशीच्या तशी लावता येणार नाही. परंतु निरपेक्ष आणि सापेक्ष हा भेद मात्र पुरेपूर लागू पडतो. गणपतीचा निरोप सापेक्ष आहे. विसर्जनाच्या मंत्रातच पुन्हा येण्याची विनंती आहे, आणि नदीकाठी लहानथोर सारे एका आवाजात पुढच्या वर्षाचे आमंत्रण देतात. मूल रडते, पण ते समुदायात रडते, आणि त्याच्या रडण्याला पंचांगाचा आधार असतो. बर्फाच्या माणसाचा निरोप निरपेक्ष आहे. त्याला विधी नाही, समुदाय नाही, तिथी नाही. मुलगा एकटाच गुडघे टेकून बसतो आणि चित्रपट संपतो. पुढच्या हिवाळ्यात बर्फ पडेल. पण हा माणूस येणार नाही. आपल्या कथेचा विषय नाताळ नसून मृत्यू आहे, असे ब्रिग्ज स्वतः म्हणत, ते याच अर्थाने घेतले पाहिजे.

तथापि दोन्ही निरोपांत मागे काहीतरी उरते. नाताळबाबाने दिलेला गळपट्टा सकाळी मुलाच्या खिशात सापडतो. कोकणात विसर्जनानंतर पाट रिकामा आणीत नाहीत. त्यावर नदीकाठची चिमूटभर माती किंवा वाळू घेऊन येतात. या दोन वस्तूंचे कार्य मात्र भिन्न आहे. पाटावरची माती कशाचाही पुरावा नाही; देव आला होता, याविषयी घरात कोणालाच शंका नसते. ती माती घराला पुढील वर्षाशी बांधून ठेवते. गळपट्टा हा पुरावा आहे. रात्र खरी होती एवढेच तो सांगतो, आणि त्यामुळे दुःख हलके न होता अधिक खरे होते. स्वप्न मोडल्याचे समाधानही मुलाला मिळत नाही.

चित्रपटाच्या दोन प्रस्तावनांची तुलना या दृष्टीने उद्बोधक आहे. आरंभीच्या आवृत्तीत ब्रिग्ज स्वतः उघड्या शेतातून चालत त्या हिवाळ्याची आठवण सांगतात. त्यांच्या हाती काही नाही. पुढे अमेरिकन प्रेक्षकांसाठी डेव्हिड बोवी यांची प्रस्तावना जोडण्यात आली. तीत ते माळ्यावरच्या खणातून तो गळपट्टा काढून दाखवितात. पहिल्या प्रस्तावनेत आठवण ही केवळ आठवण आहे; दुसरीत ती जपून ठेवलेली मालमत्ता झाली आहे. अखेरच्या दृश्याची निरपेक्षता पहिल्या प्रस्तावनेशीच सुसंगत आहे, असे आमचे मत आहे. २०१२ साली ‘द स्नोमॅन अँड द स्नोडॉग’ हा उत्तरभाग निघाला. त्यात बर्फाचा माणूस वितळतो, पण बर्फाचा कुत्रा खराखुरा होऊन मुलापाशी राहतो. मूळ कृतीने जे सोसले ते उत्तरभागाला सोसवले नाही.

आपल्याकडे याच विषयाच्या जवळ जाणारी कृती म्हणजे २००७ सालचा ‘माय फ्रेंड गणेशा’ हा हिंदी चित्रपट. राजीव रुईया दिग्दर्शित या चित्रपटात सजीव नटांच्या जगात अ‍ॅनिमेशनने रेखाटलेला गणेश येतो आणि एका एकाकी मुलाचा मित्र होतो. कल्पना समर्थ आहे. उणीव आहे ती द्रव्याची. ‘द स्नोमॅन’मधील पेन्सिलीचे, खडूचे फटकारे चौकटीगणिक किंचित थरथरतात, त्यामुळे सारी आकृतीच क्षणभंगुर वाटते आणि वितळणे हे तिच्या पोतातच असते. ‘माय फ्रेंड गणेशा’मधील गणेशाला ना मातीचा पोत आहे ना हाताचा ठसा. तो मातीतून आल्यासारखा वाटत नाही, म्हणून त्याचे जाणेही मातीत जाणे वाटत नाही. एक पात्र निघून गेले, एवढाच परिणाम होतो.

द्रव्याचा हा प्रश्न पडद्यापुरता नाही. शाडूची मूर्ती जड असते, सावकाश वाळते, वाहतुकीत दुखावते. प्लास्टरची हलकी, टिकाऊ आणि साच्यातून भराभर निघणारी. पेण परिसरातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ या दुसऱ्या प्रकारावर उभा राहिला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २०२५ साली हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गाजला. पर्यावरण आणि उपजीविका यांचा न्याय करणे हे या लेखाचे काम नव्हे. परंतु अर्थाच्या अंगाने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. जी मूर्ती विरघळत नाही, ती निरोपाची कथा अपुरी ठेवते. दुसऱ्या दिवशी काठाला लागलेला भंगलेला हात पाहणाऱ्या मुलाला सापेक्ष वियोगही मिळत नाही आणि निरपेक्ष शोकही नाही. त्याला मिळतो तो केवळ अवशेष. परत येण्यासाठी आधी पूर्णपणे जावे लागते, हे तत्त्व शाडूची माती पाळते आणि बर्फही पाळतो.

सापेक्ष निरोप श्रेष्ठ की निरपेक्ष, असा प्रश्न केला तर त्याचे एकच एक उत्तर देता येणार नाही. विधी मुलाला दुःख वाटून घ्यावयास शिकवितो. पण सर्वच माणसे तिथीप्रमाणे परत येत नाहीत, हे ज्ञानही त्याला कधीतरी व्हावेच लागते. ‘द स्नोमॅन’ ते ज्ञान सव्वीस मिनिटांत, एकही शब्द न बोलता देतो, आणि ते देताना मुलाची फसवणूक करीत नाही. लहानपणी या चित्रपटातील उड्डाण आवडते. प्रौढपणी त्यातील सकाळ कळते. कुंडलिकेच्या काठी वाढलेल्या वाचकाला ती सकाळ कळावयास फारसे सायास पडू नयेत. पाण्यात विरघळणाऱ्या मित्राला निरोप देण्याचा अनुभव त्याच्या गाठी आहे. या चित्रपटात त्याला नवे काही भेटत असेल, तर ते निरोपानंतरचे मौन होय.