चेहरा न काढलेली चित्रं

आजचा विषय जाहीर झाल्यावर एका श्रोत्यानं विचारलं, ‘सर, तत्त्वज्ञान सोडून शाळकरी मुलांच्या चित्रांकडे कसे काय वळलात?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर बोलता बोलता येईल.

गेल्या वर्षी मी न्यू जर्सीत मुलाकडे होतो. नातू सातवीत. त्याच्या शाळेनं स्थलांतराच्या कष्टांवर मुलांनी काढलेली चित्रं व्हरांड्यात लावली होती. चाळीसेक असतील. घरच्या मोठ्या माणसाची मुलाखत घ्यायची आणि त्यावर चित्र काढायचं, असा गृहपाठ होता. स्पष्टच सांगतो, बहुतेक चित्रं फसली होती. सूटकेस, विमान, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, गालावर एक टपोरा अश्रू आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘धैर्य’ नाहीतर ‘स्वप्न’. मुलांचे हात चांगले होते हो. पण कष्ट दाखवायचे म्हणजे रडका चेहरा काढायचा, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

आता गंमत बघा. शिक्षिकेनं वर्गात नमुना म्हणून जे दाखवलं होतं, ते अगदी वेगळं होतं. जेकब लॉरेन्स या चित्रकाराची ‘मायग्रेशन सिरीज’. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून अमेरिकेच्या दक्षिणेतले लाखो कृष्णवर्णीय लोक उत्तरेकडच्या शहरांत गेले, त्याची ही ६० चित्रं. देश तोच, पण माणसं परमुलखात गेल्यासारखीच गेली. लॉरेन्स स्वतः अशाच स्थलांतरितांचा मुलगा. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात शाळा सुटल्यावर भरणाऱ्या चित्रवर्गात शिकलेला. १९४०-४१ मध्ये ही मालिका केली तेव्हा तो २३ वर्षांचा होता. सगळे फलक एकदम मांडून तो एकेक रंग सगळ्यांवर लावत गेला. त्यामुळे साठही चित्रं एकाच घरातली वाटतात. खालच्या ओळी अगदी कोऱ्या, बातमीसारख्या.

पहिलंच चित्र घ्या. स्टेशनवर गर्दी, समोर तीन दारं : शिकागो, न्यूयॉर्क, सेंट लुईस. माणसांना नाक-डोळे जवळजवळ नाहीतच. पंधरावं चित्र झुंडीनं माणसं मारण्याबद्दल आहे. त्यात प्रेत नाही. एक फांदी, रिकामा फास आणि खाली अंग चोरून बसलेली एक व्यक्ती. एकोणपन्नासाव्यात उत्तरेतलं उपाहारगृह दिसतं. गोरे एका बाजूला, काळे दुसऱ्या बाजूला, मधून पिवळा अडसर. तिथे कुणी रडत नाही. तो अडसरच सगळं बोलतो.

माझा मुद्दा असा की लॉरेन्स दुःखाचा चेहरा काढत नाही, तो दुःखाचं कारण काढतो. रडका चेहरा पाहून आपल्याला दया येते, आणि दया आली की आपण मोकळे होतो. अडसर पाहिला की मात्र विचारावं लागतं, हा इथे घातला कुणी?

मग मुलांनी तसं का काढलं नाही? याचं एक उत्तर हाना आरेंट यांच्याकडे मिळतं. नाझींच्या तावडीतून सुटून त्या अमेरिकेत आल्या, आणि १९४३ मध्ये त्यांनी ‘आम्ही निर्वासित’ असा निबंध लिहिला. नव्या देशात आलेल्या माणसाला सतत आनंदी दिसावं लागतं, हे त्यांनी फार कडवटपणे नोंदवलंय. ती सक्ती आपल्या घरांतही असते. मुलगा विचारतो, ‘बाबा, तुम्हाला काय त्रास झाला?’ बाबा म्हणतात, ‘थंडी फार होती रे, पण झालं सगळं नीट.’ मूल तेच काढणार ना!

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे. १९८२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की कागदपत्रं नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळा नाकारता येणार नाही. म्हणजे अशी मुलंही वर्गात असणार. ‘घरचे कष्ट भिंतीवर लावा’ असं सांगताना आपण त्या मुलाकडून काय मागतोय, याचा विचार गृहपाठ देणाऱ्यानं करायला हवा. खरं सांगितलं तर घर धोक्यात, खोटं सांगितलं तर चित्र खोटं. इथे लॉरेन्सची रीत उपयोगी पडते. चेहरा न काढता खरं सांगता येतं. दार काढा, रांग काढा, टेबलावरचा न उघडलेला लिफाफा काढा. माणूस सुरक्षित राहतो आणि सत्यही.

आता माझ्या नातवाच्या चित्राबद्दल सांगतो. पहिल्या फेरीत मी त्यापुढून सरळ निघून गेलो होतो. रंग मळकट, रेघा वाकड्या. सुनेनं परत नेऊन दाखवलं. अंधारी खोली. पाठमोरा बसलेला एक माणूस. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा. हातात फोन आणि फोनमध्ये अंगठ्याच्या नखाएवढा पिवळा चौकोन. खाली एकच ओळ, इंग्रजीत, तिचा अर्थ असा : आजीच्या दिवशी बाबा जागे होते.

करोनानंतरच्या हिवाळ्यात माझी पत्नी गेली. मुलाच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली. अमेरिकेबाहेर पडला असता तर परतायला नवा शिक्का लागणार, आणि मुलाखतीच्या तारखा कित्येक महिने पुढच्या. नोकरी त्या शिक्क्यावर, घर नोकरीवर. तो आला नाही. पुण्यात सकाळचे अकरा वाजले होते. वैकुंठात भाच्यानं फोन धरला होता. मनातलं सांगतो, मी मुलावर रागावलो होतो. बोललो नाही कधी, पण राग होता. त्या पिवळ्या चौकोनात मी होतो, आणि चौकोनापलीकडे काय होतं ते मला तोवर दिसलंच नव्हतं.

कलाकृती म्हणून ते चित्र कच्चं आहे. फोन धरलेला हात जमलेला नाही, खोलीची खोली साधलेली नाही. पण त्या व्हरांड्यात अडसर काढलेलं चित्र मला ते एकच वाटलं, आणि तो अडसर म्हणजे घड्याळ. शिक्षकांना माझी एवढीच सूचना आहे : ‘काय कष्ट सोसले?’ असं विचारू नका. ‘कुठे थांबावं लागलं? काय हुकलं?’ असं विचारायला सांगा. आणि उत्तर न देण्याची मोकळीकही ठेवा.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हेच. पस्तीस वर्षं मी वर्गात सांगत आलो की कारण शोधा. स्वतःच्या मुलाच्या बाबतीत ते एका सातवीतल्या पोरानं माझ्या आधी शोधलं.