लय कोणाच्या हाती?

कुडाळ तालुक्यातील वालावल म्हटले की लक्ष्मीनारायणाचे मंदिर, शेजारचे तळे आणि कर्ली नदीचा काठ डोळ्यांसमोर येतो. या पट्ट्यात ज्याने एखादी रात्र दशावतार पाहण्यात घालविली आहे, त्याने एक गोष्ट नकळत टिपलेली असते. या नाट्यप्रकाराला छापील संहिता नाही. राजा बोलू लागला की पेटीवाला त्याच्या तोंडाकडे पाहतो आणि मृदंगवाला पायांकडे. नट थबकला तर लयही थबकते, युद्धाला तोंड लागले की ती चढते. वाद्य माणसाच्या श्वासाची चाकरी करते.

आमच्या देवळातील गायनाचा विचार करताना हे दृश्य वारंवार आठवते. अलीकडे बहुतेक गायकवृंदांपाशी स्वयंसाथीचा कीबोर्ड आला आहे. डाव्या हाताने सुरावट धरावी, ठेका, बास व गिटार यंत्राने पुरवावी, अशी ही सोय. जिथे तबलजी मिळत नाही, तिथे तिचा उपकार मोठा आहे. रेंगाळणाऱ्या गायनाला ती शिस्तही लावते. आमचा आक्षेप यंत्रावर नाही. लय त्याच्या स्वाधीन करून आपण मोकळे होतो, यावर आहे.

मागील पावसाळ्यात एका वृद्ध मातेच्या अंत्यविधीस वाजविणाऱ्या मुलाने सहा मात्रांचा ठेका निवडला. पडद्यावर ११६ हा आकडा होता, आणि तोच राहिला. दुसऱ्या कडव्यापासून पुढच्या बाकांवरील स्त्रिया गप्प झाल्या. मृत मातेच्या बहिणीने पुस्तक मिटले. चारही कडवी वाजली. गायिली मात्र कोणी नाहीत. साक्रिस्तीत आम्ही त्या मुलाला बोल लावले. मागाहून उमगले की दोष आमचा होता. वाद्य आम्हीच आग्रहाने घ्यावयास लावले, पण ते सुरू कसे करावे यापलीकडे त्याला काही शिकविण्याची व्यवस्था केली नाही.

शिकवावयाचे फार नाही. यंत्रातील प्रत्येक ठेक्याला घडविणाऱ्याने एक मूळ गती दिलेली असते. ठेका बंद असताना नवा ठेका निवडला की बहुधा ती गती आपोआप येते. म्हणून आधीच्या गीताला बसविलेला आकडा पुढच्या गीताला टिकेल, हा भरवसा धरू नये. यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेतील अनेक वाद्यांत मिनिटाला ११ पासून २८० ठोक्यांपर्यंत गती ठरविता येते. अधिक-उणे बटणांनी ती एकेक अंशाने बदलते; दोन्ही एकदम दाबली की मूळ गती परत येते. टॅपचे बटण त्याहून माणसाळलेले आहे. चार ठोक्यांच्या ठेक्यात ते चारदा, तीनाच्या ठेक्यात तीनदा दाबावे. आपल्या बोटांच्या अंतराने ठेका सुरू होतो. आकडा मात्र एकटा फसवा असतो. ठोका म्हणजे एक मात्रा की दोन, हे ठेक्याच्या बांधणीवर अवलंबून असते. त्यामुळे एका केरव्यावरचे ७२ दुसऱ्यावर दुप्पट घाईचे वाटू शकते.

ख्रिस्तसभेने या प्रश्नाकडे पूर्वीच लक्ष दिले आहे. १९५८ च्या संगीतविषयक सूचनापत्राने उपासनेत आपोआप वाजणारी वाद्ये व ध्वनिमुद्रणे निषिद्ध ठरविली. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पाइप ऑर्गनला मान देऊनही, उपासनेस साजेशा इतर वाद्यांना दार उघडले. १९६७ च्या सूचनापत्राने बजावले की वाद्याच्या आवाजात शब्द बुडू नयेत. आवाजाविषयीचे हे म्हणणे गतीलाही लागू करावे, असे आमचे मत आहे. शब्द मोठ्या आवाजात बुडतात तसेच घाईतही बुडतात. आणि ज्याची गती कोणीच ठरविली नाही, तो ठेका हात कीबोर्डवर असूनही आपोआप वाजणाराच म्हणावा लागेल.

तेव्हा सरावाच्या दिवशी गीत प्रथम वाद्याविना म्हणावे. सर्वांत लांब ओळ वृद्धांना एका श्वासात पेलते काय, ते पाहावे. त्या गतीने टॅप करून आलेला आकडा, ठेक्याच्या नावासह, पुस्तकात गीताशेजारी पेन्सिलीने लिहावा. उपासनेत ठेका निवडल्यावर तो आकडा पुन्हा बसवावा. आणि जिथे गायन अडखळते, थांबते, हुंदका येतो, तिथे ठेका सरळ बंद करून केवळ ऑर्गनच्या स्वरांनी साथ करावी. यंत्राला हुंदक्यासाठी थांबता येत नाही, हातांना येते.

त्या मातेच्या महिन्याच्या मिस्सेला तोच मुलगा बसला होता. ठेका बंद होता. डोळे पडद्यावर नव्हते, पुढच्या बाकांकडे होते. पहिल्या ओळीनंतर तो क्षणभर थांबला, आणि बाकांवरून दुसरी ओळ उठली. बहिणीने या खेपेस पुस्तक उघडलेच नाही. गीत तिला पाठ होते. त्या दिवशी केवळ तिला म्हणू दिले गेले नव्हते.