भिंतीवरचा हिशेब

कलाकृतीनें समाजांतील सत्तेवर टीका करावी कीं नाहीं, हा वाद जुना आहे. परंतु जी संस्था कलाकृतीस आश्रय देते, तिच्याच सत्तेचा हिशेब कलावंत तिच्या भिंतीवर मांडूं लागला तर काय घडतें, हा प्रश्न त्या मानानें नवा होय. हान्स हाके यांच्या मांडणशिल्पांनीं तो फार रोखठोकपणें उपस्थित केला. म्हणून त्यांपैकीं दोहोंचा परामर्श येथें घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मांडणशिल्प हें नांव ऐकून वाचकांनीं दगडाची वा धातूची मूर्ति डोळ्यांपुढें आणूं नये. वस्तु, कागद, दालन आणि त्यांत वावरणारा प्रेक्षक यांच्या परस्परसंबंधांतून तें सिद्ध होतें. हाके यांचा जन्म १९३६ सालीं कोलोन शहरीं झाला. पुढें ते न्यूयॉर्कवासी झाले. १९७० सालीं तेथील आधुनिक कलेच्या संग्रहालयांत त्यांनीं दोन पारदर्शक पेट्या ठेविल्या आणि प्रेक्षकांस विचारिलें : निक्सन यांच्या इंडोचायनाविषयक धोरणाचा गव्हर्नर रॉकफेलर यांनीं निषेध केलेला नाहीं, हें नोव्हेंबरांत त्यांस मत न देण्याचें कारण होईल काय? रॉकफेलर हे त्याच संग्रहालयाच्या विश्वस्तांपैकीं एक, आणि त्यांच्या मातोश्री संस्थेच्या संस्थापिकांपैकीं. 'होय'च्या पेटींत २५ हजारांहून अधिक मतें पडलीं, 'नाहीं'च्या पेटींत ११ हजारांवर.

नोव्हेंबरांत रॉकफेलर निवडून आलेच. तेव्हां राजकीय अस्त्र म्हणून पाहूं गेल्यास ही कृति फोलच ठरली, असें कोणी म्हणेल. परंतु तिचें खरें कार्य निराळें होतें. चित्रें पाहावयास आलेल्या मनुष्यास, आपण ज्या शांत, निःपक्ष दालनांत उभे आहों त्याचाहि कोणी धनी आहे, ही जाणीव तिनें दिली.

पुढील वर्षीं गुगेनहाइम संग्रहालयांत हाके यांचें प्रदर्शन भरावयाचें होतें. त्यासाठीं त्यांनीं शापोल्स्की प्रभृति मालकांच्या मॅनहॅटनमधील मिळकतींची, १ मे १९७१ रोजीं असलेली स्थिति मांडिली. १४२ छायाचित्रें, त्यांत जुन्या इमारतींचे दर्शनी भाग आणि रिकाम्या जागा. प्रत्येकाखालीं पत्ता, मालकी, खरेदीची तारीख, गहाणखत आणि करासाठीं ठरविलेलें मूल्य. सोबत नकाशे आणि व्यवहारांचे तक्ते. हा सर्व मजकूर सरकारी दप्तरांतून घेतलेला, म्हणजे कोणाहि नागरिकास पाहतां येईल असा. शिवीगाळ नाहीं, व्यंगचित्र नाहीं, एक विशेषणदेखील नाहीं. मात्र निरनिराळ्या कंपन्यांच्या नांवांखालीं एकाच गोतावळ्याची मालकी कशी पसरली आहे, हें क्रमाक्रमानें वाचतां वाचतां आपोआप उलगडतें.

संचालक थॉमस मेसर यांनीं प्रदर्शन रद्द केलें. सामाजिक वा राजकीय हेतूंत प्रत्यक्ष गुंतणें हें संग्रहालयाच्या धोरणाबाहेरचें, अशी त्यांची भूमिका होती. प्रदर्शनाची मांडणी करणारे एडवर्ड फ्राय यांनीं कलावंताची बाजू घेतली, तेव्हां त्यांस नोकरी गमवावी लागली. विश्वस्तांचा त्या घरमालकांशीं संबंध असल्याचा पुरावा नव्हता. तरीहि सार्वजनिक दप्तरांतील अक्षरें भिंतीवर येतांच संस्थेस तीं असह्य झालीं. कलाकृतीचें सामर्थ्य सिद्ध करण्यास याहून निराळा अभिप्राय कशास हवा?

तथापि आमचा एक आक्षेप आहे. त्या दरवाजांआड राहणाऱ्या भाडेकऱ्यांच्या संसाराविषयीं येथें एकहि ओळ नाहीं. यावर असें उत्तर देतां येईल, कीं दारिद्र्याचें चित्र काढलें असतें तर प्रेक्षक हळहळून घरीं गेला असता आणि हिशेब विसरला असता. करुणा लवकर ओसरते, आंकडा टिकतो. हें उत्तर बरेंच खरें आहे, पण पुरतें नव्हे. ज्या वहींत प्रत्येक गहाणाची नोंद आहे, त्या वहींत त्या घरांत दिवस काढणाऱ्यांस एक रकाना मिळावयास हवा होता. सत्तेचें वर्णन करतांना सत्ताधीशच तेवढा दिसावा, ही उणीव आम्हांस खटकते.

२००७ सालीं ही कृति न्यूयॉर्कचें व्हिटनी संग्रहालय आणि बार्सेलोनाचें समकालीन कलेचें संग्रहालय यांनीं मिळून विकत घेतली. कांहीं रसिक यास कलावंताचा विजय मानतील, कांहीं त्याच्या टीकेचे दांत पडले असें म्हणतील. आम्हांस दोन्ही मतें घाईचीं वाटतात. छत्तीस वर्षांपूर्वींच्या घरमालकांचा हिशेब टांगण्यास धैर्य लागत नाहीं. आपल्या आजच्या देणगीदारांचा आणि विश्वस्तांचा हिशेब शेजारीं लावूं देण्यास लागतें. हाके यांच्या कृतीनें घालून दिलेली कसोटी हीच होय, आणि ती केवळ न्यूयॉर्कच्या संग्रहालयांपुरती नाहीं. धनिकांच्या दानावर उभी असलेली कोणतीहि कलासंस्था तिला कितपत उतरते, हें सुजाण वाचकांनीं पुढील वेळीं एखाद्या दालनांत शिरतांना अवश्य पाहावें.